सुरू होताना एकदाच

तक्रार अशी होती की दिवे लागत नाहीत. आमच्या कंपनीत तक्रारीचा फोन आला की तो माझ्याच गळ्यात पडतो, कारण बाकीच्यांना घरी लहान मूल असल्याचं सांगता येतं आणि मला येत नाही. साहेब म्हणाले, "सू, डोंगकांगला जाऊन ये. मंदिरवाले फार वैतागलेत." मी म्हटलं, "मीही वैतागलेय." ते म्हणाले, "मग तुमचं चांगलं जमेल."

डोंगकांगच्या बंदरात माझू आजीचं मंदिर आहे. समुद्रावर जाणाऱ्यांची देवी ती. मंदिरात डाव्या हाताला एक भिंतभर बारीक दिवे आहेत आणि प्रत्येकाखाली नावाची पट्टी. नववर्षाला लोक देणगी देतात, घरातल्या माणसांच्या नावाने एकेक दिवा लावून घेतात आणि मग वर्षभर देवीने त्या नावावर लक्ष ठेवायचं. दिवा जिवंत माणसाचा असतो. गेलेल्यांसाठी घरात पूर्वजांची लाकडी पाटी असते, त्यांना तिथे जेवण वाढायचं. या दोन गोष्टींची सरमिसळ कोणी करत नाही.

पूर्वी हे दिवे एका तारेवर होते, आता आमच्या प्रोग्रामवर आहेत. कोणता दिवा कोणाचा, कोणता चालू आणि कोणता बंद, हे सगळं सेटिंगच्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. प्रोग्राम जागा होताना आधी स्वतःच्या पोटात काय ठरलेलं आहे ते बघतो, मग फाईल वाचतो, मग यंत्राला वेगळं काही सांगून ठेवलंय का ते विचारतो. शेवटी बोलेल त्याचं खरं. बहुतेक घरांत असंच चालतं. पण एकदा डोळे उघडले की मग तो कोणाकडे बघत नाही. तुम्ही फाईल खोडा, बदला, जाळून टाका, त्याला पत्ता नसतो. उठताना जे वाचलं तेच त्याचं जग.

हे आम्ही मुद्दाम तसं केलंय. आधीचा प्रोग्राम सारखी फाईल चाळायचा. एकदा कोणीतरी ती अर्धवट साठवली आणि ऐन जत्रेत एका बोटमालकाचा दिवा विझला, पुन्हा लागला, पुन्हा विझला. त्याची बायको तिथेच आडवी पडली. तेव्हा साहेबांनी ठरवलं, सुरू होताना एकदाच वाचायचं. नवीन नावं आली की प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करायचा, चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात काम होतं.

तेवढंच यांनी केलं नव्हतं. नववर्ष होऊन गेलं, नवी नावं फाईलमध्ये भरली, पट्ट्या बदलल्या, आणि भिंत मात्र अजून गेल्या वर्षीच्याच माणसांचे दिवे लावून बसलेली. यंदा पैसे भरलेले लोक रोज येऊन आपल्या विझलेल्या दिव्याकडे बघून जात होते. त्यांचंही बरोबरच होतं.

मंदिराची देखभाल खो पे करतात. पे म्हणजे थोरले काका, सगळं बंदर त्यांना असंच हाक मारतं. तोंडात सुपारी, पायात रबरी चपला. मी पोचले तेव्हा ते दारातच उभे होते.

"आलीस का, सू इंजिनियर! जेवलीस?"

"जेवण राहू दे, पे. प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करा, असं आम्ही फोनवर सांगितलं होतं. एक बटण आहे. का नाही केलं?"

"विचारलं ना."

"कोणाला?"

त्यांनी हनुवटीने गाभाऱ्याकडे खूण केली. "ती नाही म्हणते."

मी डोळे मिटून घेतले. बंदरातून दुपारचा माशांचा लिलाव ऐकू येत होता. एका बटणासाठी मी दोन गाड्या बदलून आले होते.

"रोज विचारतो," खो पे म्हणाले. "भिंत अंधारी करायची म्हणजे एवढ्या माणसांच्या नावाचा प्रश्न आहे. तिला न विचारता मी हात लावणार नाही. तुझ्या साहेबांना लावू दे."

"परत विचारा. माझ्यासमोर."

आमच्याकडे कौल लावायला चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे असतात, एका बाजूने सपाट, एका बाजूने फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर पडला की होकार. दोन्ही सपाट पडले तर देवी हसतेय, तुमचा प्रश्नच तिला कळला नाही. दोन्ही फुगीर वर आले की नकार. पेंनी टाकले. नकार. पुन्हा टाकले. नकार. मी म्हटलं, इकडे द्या, तुमचा हातच तसा पडत असेल. मी टाकले. एक फुगीर बाजू वर करून पडला आणि दुसरा घरंगळत जाऊन खांबाला टेकून उभा राहिला. सपाट नाही, फुगीर नाही, नुसता उभा.

पेंनी सुपारी थुंकली. "असं मी लहानपणी एकदा पाहिलंय. उचलू नकोस."

"फरशी उताराची आहे," मी म्हटलं. फरशी उताराची नव्हती.

निदान यंत्र तरी बघू, म्हणून मी भिंतीमागच्या खोलीत गेले. यंत्रावर हिरव्या पाकिटातला खाऊ ठेवलेला होता, आमच्याकडे सगळ्याच यंत्रांवर ठेवतात, त्यांनी नीट वागावं म्हणून. त्याची मुदत कधीच उलटून गेली होती. मला त्याचाच राग आला, साधं पाकीट बदलता येत नाही या लोकांना. मग मी खाली वाकून बॅटरी बघितली. वीज गेल्यावर यंत्र चालू राहावं म्हणून ती असते. ती फुगून फुटली होती, आत हिरवट पूड झाली होती. वर्ष झालं असेल मरून.

"पे, गेल्या पावसाळ्यात वादळात वीज गेली होती ना?"

"पूर्ण रात्र. सगळं बंदर काळंकुट्ट."

"आणि भिंत?"

"भिंत चालू होती," ते बाहेरूनच म्हणाले. "तुमची बॅटरी चांगली आहे, असं म्हणालो मी तेव्हा."

मी प्रोग्रामला विचारलं, कधीपासून जागा आहेस? तो गेल्या वर्षीच्या नववर्षापासून सलग जागा होता. त्या रात्री तो झोपायलाच हवा होता.

तेव्हाच माझा हात ओला झाला. भिंतीच्या मागच्या बाजूला, तारांच्या गुंत्यात, एका दिव्यामागून पाणी झिरपत होतं. मी फडक्याने पुसलं. फडकं पिळण्याआधी तिथे पुन्हा थेंब जमला. वर छत कोरडं, आजूबाजूला नळ नाही. तारेवर पांढरी खरपुडी धरली होती. का कोण जाणे, मी बोट जिभेला लावलं. मीठ होतं.

त्या दिव्याचा क्रमांक घेऊन मी फाईल उघडली. त्या जागी यंदा कोणाचंच नाव नव्हतं. प्रोग्रामच्या डोक्यातली जुनी नावं काढून बघितली, तर तिथे होतं: छ्वा ची-खुन.

बाहेर आले आणि दिवा शोधला. त्याच्याखाली छापील पट्टी नव्हती, चिकटपट्टीवर पेनाने नाव लिहिलेलं होतं. आणि दिव्यासमोर प्लास्टिकच्या स्टुलावर एक म्हातारी बसली होती, मांडीवर थर्मास घेऊन. मी आत गेले तेव्हा ती तिथे होती की नव्हती, मला सांगता येणार नाही.

"तू बंद करायला आलीस ना?" ती म्हणाली.

"मी दुरुस्त करायला आलेय, आमा." आमा म्हणजे आजी, एवढ्या वयाच्या बाईला आम्ही दुसरं काही म्हणत नाही.

"तेच ते." तिने थर्मासच्या झाकणात चहा ओतून मला दिला. "ची-खुन माझा मुलगा. लांबच्या समुद्रावर ट्यूना पकडायला जायचा. दोन हिवाळ्यांमागे, रात्री डेकवर होता, सकाळी नव्हता. पडताना कोणी बघितलं नाही. सगळे म्हणतात मेला. ज्यांनी बघितलं नाही तेच म्हणतात."

"आणि दिवा?"

"दिवा मी लावला. बोट परत आल्यानंतर, नववर्षाला. तेव्हा खो नको म्हणत होता, पण कागदोपत्री माझा मुलगा जिवंत होता. काय करेल?" ती हसली. "आता यादीतून नाव काढलं तरी विझत नाही. माझू आजी विझू देत नाही. म्हणजे काय ते तूच सांग, तू शिकलेली आहेस."

मला सांगता आलं असतं. प्रोग्राम सुरू होताना एकदाच वाचतो, आमा. नंतर नाव काढलंय हे त्याला ठाऊकच नाही. तो जुनंच खरं धरून बसलाय. हे सगळं मी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं, कारण मला एकदम वाटलं की मी प्रोग्रामबद्दल बोलतच नाहीये.

एवढ्यात पायऱ्यांवरून एक बाई डबा घेऊन आली. अंगावर मासळीच्या शीतगृहातला रबरी एप्रन.

"आई, पुन्हा चहावरच बसलात? सकाळचा भात तसाच्या तसा आहे."

"ही पेइ-वेन," आमा म्हणाली. "माझी सून. हिनेच नाव काढलं."

"हो, मीच काढलं. जो येईल त्याला सांगा, गावात दवंडी पिटा." पेइ-वेनने डबा उघडून तिच्या हातात चॉपस्टिक कोंबल्या. "आधी जेवा, मग शिव्या द्या. रिकाम्या पोटी आवाज नीट निघत नाही तुमचा."

म्हातारी मुकाट जेवू लागली. या दोघींचं काय आहे ते मला तेवढ्यात कळलं. पेइ-वेन माझ्याकडे वळली.

"तुम्ही कंपनीच्या ना? करून टाका बंद, ताई. तुम्हाला माहीत नाही माझ्या घरी काय चाललंय. तो गेला असं धरायचं, असा कोर्टाचा निकाल आला, मी पाटी केली, त्याचं नाव कोरून घेतलं. सणाला त्याच्या आवडीचं सगळं रांधते. मग विचारते, ची-खुन, आलास का? कौल टाकते. नकार. उदबत्ती विझेपर्यंत विचारत राहते. नकार, नकार, नकार. एकदाही जेवायला आलेला नाही तो. आई म्हणतात, मेलेलाच नाही तर येईल कसा. मी म्हणते..." ती थांबली. "तो भुकेला आहे. कुठेतरी उभा आहे आणि भुकेला आहे, आणि आम्ही दिवा लावून त्याला तिथेच उभा केलाय."

आमा चावायची थांबली.

मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी काहीतरी वेड्यासारखं करते. मी आमाजवळ वाकून हळूच म्हटलं, "फाईलमध्ये नाव परत घालते. कोणाला कळणार नाही. मी पुन्हा सुरू केलं तरी दिवा लागेल. पेंनाही सांगायचं नाही."

तिने माझ्याकडे वर बघितलं. मला वाटलं ती माझा हात धरेल. पण ती म्हणाली, "पोरी, तू मागे गेली होतीस ना? पाणी आहे तिथे?"

"आहे."

"पुसलंस?"

"पुसलं. पुन्हा येतं."

"थंड आहे?"

खोटं बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून खरं निघालं. "फार थंड आहे, आमा. बोटं बधिर झाली."

तिने डब्याला झाकण लावलं, तोंड पुसलं आणि उठली. पेइ-वेन हात द्यायला गेली तर तो झिडकारला. ती गाभाऱ्यासमोर गेली. खांबाला टेकलेला तो तुकडा अजून तसाच उभा होता. खो पे "अगं, हात लावू नकोस" म्हणेपर्यंत तिने दोन्ही तुकडे उचललेही होते.

"मी छ्वा घरची," ती मोठ्याने म्हणाली, कारण देवीला आधी ओळख सांगावी लागते. "बर्फाच्या कारखान्यामागच्या गल्लीत राहते. माझू आजी, आजवर मी तुला विचारत आले, तो जिवंत आहे का. तू नुसती हसत आलीस. आज दुसरं विचारते. माझा मुलगा दमलाय का?"

एक सपाट, एक फुगीर.

"माझ्यासाठी थांबलाय का?"

एक सपाट, एक फुगीर. खो पेंनी टोपी काढली.

आमाने तुकडे छातीशी धरले. तिसऱ्यांदा विचारताना तिचा आवाज इतका बारीक झाला की मला पुढे व्हावं लागलं. "मग मी त्याला घरी बोलावू?"

तुकडे पडले. मी बघितलं नाही. पेइ-वेनचा हुंदका ऐकला आणि समजले.

"कर बंद," आमा मला म्हणाली. "आणि नाव घालू नकोस. घातलंस तर आणखी एक वर्ष तो त्या थंडीत राहील, आणि ते मी केलेलं असेल."

मी मागे गेले. दिवसातून दहा वेळा मी कुठले ना कुठले प्रोग्राम बंद करते, कोणाचं काही अडत नाही. बंद करायची आज्ञा दिली. पडद्यावर ओळ उमटली की काम संपलं. बाहेर एव्हाना जमलेल्या लोकांचा "ओ" ऐकू आला, सगळी भिंत विझली असणार. पण मागच्या बाजूने, तारांच्या गुंत्यात, एक दिवा अजून लागलेला मला दिसत होता. त्याला लावून ठेवणारं कोणी आता उरलं नव्हतं. प्रोग्राम नव्हता, यादी नव्हती. तो तेवढाच, एकटा, लागलेला.

"ये रे, बाळा," भिंतीपलीकडून आमाचा आवाज आला. "भात तयार आहे."

दिवा विझला. समुद्राचा वास आला, बंदराचा नाही, बंदराला डिझेलचा आणि बर्फाचा वास असतो. हा लांबचा, खोल पाण्याचा होता. मग तोही गेला.

मी प्रोग्राम सुरू केला. तो नेहमीसारखा ओळीमागून ओळ सांगू लागला, कोणती सेटिंग कुठून वाचली ते. फाईलमधून. फाईलमधून. फाईलमधून. ची-खुनच्या जागेपाशी आला आणि म्हणाला, फाईलमध्ये काही नाही, यंत्राने काही सांगितलेलं नाही, मूळ सेटिंग घेतो: बंद. आणि पुढे गेला. मी त्या जागेला हात लावला. तार कोरडी होती. नुसतं मीठ बोटाला लागलं.

बाहेर ओळीने दिवे लागत होते. यंदाची माणसं, त्यांची पोरं, एका बाजूला खो पेंचा नातू. लोक टाळ्या वाजवत होते. मध्ये एक काळा ठिपका राहिला. आमाने चिकटपट्टी सोलून काढली आणि घडी घालून थर्मासच्या झाकणात ठेवली.

मला गाडी पकडायची होती. पेइ-वेन म्हणाली, "जेवून जा, ताई," आणि मला नाही म्हणता आलं नाही.

त्यांचं घर खरंच बर्फाच्या कारखान्यामागे होतं. पेइ-वेनने गुलाबी जवळा घालून भात परतला, कालवांचं आमलेट केलं, आलं घालून माशाचं सूप केलं. सगळं पाटीसमोरच्या टेबलावर मांडलं, एक खुर्ची ओढून ठेवली, उदबत्ती लावली. उन्हं अजून अंगणात होती. दार उघडंच ठेवलं होतं.

"ची-खुन, आलास का?" तिने तुकडे टाकले.

एक सपाट, एक फुगीर.

आमा उठली, आत गेली, एक जाड पंचा घेऊन आली आणि तो नीट पसरून खुर्चीवर अंथरला. तिने असं का केलं ते मी विचारलं नाही. दारापासून टेबलापर्यंतच्या फरशीकडे मी बघतच नव्हते, मी माझ्या बुटांकडे बघत होते.

उदबत्ती अर्धी झाली. जेवण झालं का, हे विचारायची ती वेळ असते. होकार आला की ताटं उचलायची आणि मग घरच्यांनी जेवायचं.

"ची-खुन, जेवलास का पोटभर?"

नकार.

पेइ-वेन गोंधळली. थोडं थांबून पुन्हा टाकले. नकार. तिचा चेहरा पांढरा पडला, तिने माझ्याकडे बघितलं, जणू माझ्याच प्रोग्रामचं काही चुकलं होतं.

"अगं, त्याला घाई काय करतेस?" आमा म्हणाली. ती रडत होती आणि तिच्या चेहऱ्यावर इतकं साधं, रोजचं हसू होतं की मला ते बघवेना. "दोन वर्षांनी जेवतोय. जेवू दे की सावकाश."

पेइ-वेनने तुकडे टेबलावर ठेवले. तिने सूपचं भांडं उचललं, गरम करून आणलं आणि पुन्हा खुर्चीसमोर ठेवलं. माझी गाडी गेली. आम्ही तिघी भिंतीला टेकून बसून राहिलो, आणि अंधार पडेपर्यंत कोणीच पुन्हा विचारलं नाही.